तीन नंबरचा ट्रेस

१

कामावर आले की मी आधी कॉम्प्युटरचं तोंड बघते आणि मग माणसांची, असं नवलभाऊ सगळ्यांना सांगतात. त्यात थोडं खरं आहे. पंखा लावायचा, पडद्यावरची धूळ पदराने पुसायची, चारही खोल्या हिरव्या दिसताहेत ना ते पाहायचं, आणि मग चहा. माझं शिक्षण बारावीपर्यंतचं. पुढे कॉम्प्युटरचा एक कोर्स केला होता, त्याच्यावर ही नोकरी मिळाली.

धुळ्याहून हायवेने थोडं बाहेर पडलं की रस्त्याला लागून नूर महंमद यांचं केळी पिकवण्याचं सेंटर आहे. सावद्याहून कच्च्या केळीचा ट्रक सकाळी येतो. बायका फण्या पुसून क्रेटमध्ये लावतात, क्रेट खोलीत रचले जातात, जाड दार बंद होतं आणि आत गॅस सोडतात. हिरवी गेलेली केळी काही दिवसांनी पिवळी होऊन बाहेर येते आणि दोंडाईच्यापर्यंत जाते. अशा चार खोल्या. त्यांना खिडकी नाही. पिकणारी केळी श्वास सोडते, तो आत कोंडतो, म्हणून प्रत्येक खोलीला वर एक झडप आहे. कॉम्प्युटर ती ठरावीक वेळाने उघडतो. धप्प असा आवाज येतो, पंखा घरघरतो, आतली हवा बदलते, झडप मिटते. हा आवाज माझ्या इतका अंगवळणी पडला आहे की तो आला नाही तरच माझं लक्ष जातं.

झडप उघडली नाही तर केळी आतून काळी पडते. आणि आत माणूस राहिला तर काय होतं, ते नूरभाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणाले, "हेमाताई, आरडाओरडा होत नाही. आधी नुसती झोप येते."

म्हणून एक पद्धत पडली होती. खोलीत चप्पल कोणी नेत नाही, दाराबाहेर काढून जातात. दार लावणं आणि गॅस सोडणं नवलभाऊंकडे. दार लावायच्या आधी ते खाली बघतात. चप्पल दिसली नाही की आत कोणी नाही. इतकी वर्षं यात कधी चूक झाली नव्हती.

२

चैत्र लागला तसं ऊन फारच वाढलं. क्रेट लावणाऱ्या बायकांतल्या कस्तुराने पाडव्यापासून चप्पल सोडली होती. ती शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावची. पाऊस पडला तर शेती, नाहीतर मजुरी. मुलाचा ताप उतरला तेव्हा तिने सप्तशृंगीला नवस बोलला होता, की चैत्राच्या यात्रेला अनवाणी चालत येईन. गडावर जाईपर्यंत पायात काही घालायचं नाही.

"कस्तुराबाई, देवीले रिक्षा चालस नही का?" नवलभाऊ तिला विचारायचे.

"तुम्ही जा रिक्षामा, भाऊ. तुमनं पोट देवी वयखी लई," ती म्हणायची, आणि देवी भाऊंना पोटावरूनच ओळखणार म्हणून बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

पण दुपारी सिमेंटच्या अंगणातून चालताना ती टाचा उचलून उचलून पळायची. मी तिला माझ्या टेबलाखाली ओलं गोणपाट टाकून दिलं होतं. त्याच्यावर पाय ठेवून ती भाकरी खायची. मी तिच्याहून मोठी, म्हणून मला अक्का म्हणायची.

त्याच सुमारास कॉम्प्युटर अडखळायला लागला. सगळं व्यवस्थित चाललेलं असताना पडदा एकदम थिजायचा. माउस हलायचा नाही, घड्याळाचे आकडे थांबायचे. थोड्या वेळाने, जणू काही झालंच नाही असं, पुन्हा चालू व्हायचं. पण तेवढ्यात तीन नंबरची झडप चुकलेली असायची. एक, दोन आणि चार यांच्या झडपा थोड्या उशिरा का होईना उघडायच्या. तीनची उघडायचीच नाही.

३

नूरभाईंची पुतणी कहकशा पुण्याला कॉम्प्युटरचं काम करते. आमचा हा सगळा प्रोग्राम तिनेच लिहिला आहे. ईदला ती घरी आली होती, तेव्हा नूरभाई तिला सेंटरवर घेऊन आले. शीरखुर्म्याचा डबा माझ्या हातात देऊन ती खुर्चीवर बसली ती दुपारपर्यंत उठली नाही.

"मेमरी कमी पडतेय, अक्का," ती म्हणाली.

"म्हणजे काय होतंय?"

"तुम्ही स्वयंपाक करता तेव्हा ओट्यावर भांडी वाढत जातात ना? मग काय करता?"

"जे लागत नाही ते उचलते."

"बस, तेच. मेमरी म्हणजे ओटा. आणि ओट्यावर नजर ठेवतो तो कर्नेल, ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. ज्या जागेला बराच वेळ कोणी हात लावलेला नाही, ती तो परत घेतो. त्यासाठी मागे त्याची एक बाई सतत भांडी उचलत फिरत असते, असं समजा. पण भांडी फारच झाली, त्या बाईच्याने होईना, तर जी पोळ्या लाटतेय तिलाच लाटणं ठेवून भांडी उचलायला जावं लागतं."

"आणि तोवर तव्यावरची पोळी करपते."

"तीच तुमची तीन नंबरची झडप." ती हसली. "कॉम्प्युटरमध्ये चालणाऱ्या प्रत्येक कामाला प्रोसेस म्हणतात. प्रत्येक खोलीची वेगळी प्रोसेस आहे, त्यांना मी खोली एक, खोली दोन अशीच नावं दिलीत. आता आपण कर्नेलवर ट्रेस लावू. म्हणजे कुठली प्रोसेस मेमरी परत घ्यायला स्वतः आत गेली, केव्हा गेली, केव्हा बाहेर आली, आणि किती मेमरी मोकळी करून आली, ते सगळं इथे दिसेल."

तिने काळा पडदा उघडला आणि त्यावर पांढऱ्या ओळी पडायला लागल्या. नाव, नंबर, आत. नाव, नंबर, बाहेर. मला सोपं जावं म्हणून ते दोन शब्द तिने मराठीत केले.

"प्रत्येक आतला एक बाहेर असायलाच पाहिजे," ती म्हणाली. "डोळ्याची पापणी लवते ना, त्याहून कमी वेळात होतं ते. जिचा वेळ जास्त दिसेल तिचं नाव मला फोन करून सांगा. ती आपली चोर."

संध्याकाळच्या गाडीने ती पुण्याला परत गेली.

४

मला ते काम आवडायला लागलं. ओळी जोडीजोडीने यायच्या. खोली एक आत, खोली एक बाहेर. खोली चार आत, खोली चार बाहेर. मी चहा पिता पिता त्या बघत बसायची.

मग एका सकाळी मला तीन नंबरच्या दोन दिसल्या.

नाव तेच, खोली तीन. पण नंबर वेगळा. पहिली खोली तीन नेहमीसारखी पापणी लवायच्या आत जाऊन आली. दुसरी आत गेली, आणि बाहेरची ओळ आलीच नाही. मी चहा संपवला, कप विसळून ठेवला, परत येऊन बसले, तेव्हा ती ओळ पडली. बाहेर. तिच्यापुढे किती मेमरी मोकळी केली त्याचा आकडा होता, शून्य.

मी कहकशाला फोन लावला.

"एवढा वेळ? शक्य नाही, अक्का. एवढा वेळ कोणी आत राहिलं तर सगळं बंदच पडेल."

"शून्य लिहिलंय. म्हणजे एवढा वेळ ती आत काय करत होती?"

"प्रोसेस कधी कधी आपली नक्कल काढते. नकलेला नाव तेच राहतं, नंबर नवा मिळतो. तसंच असेल. थांबा, मी इथून बघते."

तिने पुण्याहून आमचा कॉम्प्युटर उघडला. माझ्या समोर बाण आपोआप हलत होता. तेव्हा तीन नंबरमध्ये दोघी बायका क्रेट लावत होत्या, त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. बराच वेळ बाण हलत राहिला. मग फोनवर तिचा आवाज आला, पहिल्यापेक्षा हळू.

"नक्कल काढलेली नाही, अक्का. आणि त्या नंबरची प्रोसेस इथे नाहीच. होऊन गेली असंही दिसत नाही. ट्रेसच्या ओळी कधी कधी हरवतात, मागेपुढे होतात. मी त्याला जागा वाढवून देते. एक मात्र खरं, कोणीतरी मेमरी धरून बसलंय. सोडत नाही. कोण ते मला सापडत नाहीये."

५

मी काही अंधश्रद्धाळू बाई नाही. घरी देव आहेत, संध्याकाळी दिवा लावते, पण भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून कामाला लागते. म्हणून ही गोष्ट माझ्या लक्षात आली तेव्हा मी आधी स्वतःलाच हसले.

दुसऱ्या खोली तीनच्या ओळी केव्हाही पडत नव्हत्या. तीन नंबरच्या खोलीत माणूस शिरला की आतची ओळ यायची, आणि माणूस बाहेर पडला की बाहेरची. दोघी गेल्या की दोन ओळी. एक परत आली की एक. दाराला कुठलं यंत्र नव्हतं, कॉम्प्युटरला जोडलेली एकही तार त्या दारातून जात नव्हती. ते मी दोनदा तपासलं.

दुपारी बायका लिंबाखाली जेवायला बसल्या होत्या. तीन नंबर धुऊन रिकामी केलेली होती. मी चप्पल काढली आणि आत गेले.

दाराला प्लास्टिकच्या जाड पट्ट्यांचा पडदा आहे. तो अंगाला चाटून जातो आणि मागे फटाफट आपटतो. मग एकदम गारवा आणि शांतता. बाहेरचे ट्रक तिथे ऐकू येत नाहीत. कोपऱ्यात वरच्या पाइपमधून पाण्याचा थेंब पडत होता, टप, टप. मी दिवा लावला नव्हता, कारण दिव्याच्या बटणामुळे ओळ पडते का, तेही मला बघायचं होतं. अंधारात उभी राहून मी मनात जप म्हणावा तसं मोजायला लागले.

मोजता मोजता माझ्या लक्षात आलं की थेंब पडायचा थांबला आहे.

पाणी संपलं असेल. तेवढंच असेल. पण मला असं वाटलं की कोणीतरी त्याखाली ओंजळ धरली आहे. मी मागे न वळता, पाठमोरीच, पट्ट्यांमधून बाहेर आले. उन्हात आल्यावर कानात पुन्हा ऐकू आलं, टप.

टेबलावर ओळी होत्या. खोली तीन, आत. खोली तीन, बाहेर. दोन्हींमधला वेळ मी आत उभी होते तेवढाच. मी दोन नंबरमध्येही जाऊन आले, एकमध्येही. त्यांच्यासाठी एकही ओळ पडली नाही.

कहकशाला मी हे सांगितलं तेव्हा ती हसली नाही. म्हणाली, "योगायोग असेल अक्का. पण तुम्ही बघत राहा." थोड्या वेळाने तिने पुन्हा फोन केला. "आणि एकट्या आत जाऊ नका."

६

गडाला निघायच्या आदल्या दिवशी कस्तुरा नेहमीसारखी कामाला आली. तिच्या गावच्या बायका पायी निघून धुळ्यापर्यंत आल्या होत्या, त्यांच्यात ती संध्याकाळी मिसळणार होती.

"मी आज लवकर जासु, अक्का. तुन्हासाठे परसाद लई येसु," तिने मला सांगून ठेवलं होतं.

दुपारी तीन नंबर भरली. नवलभाऊंनी खाली पाहिलं, चप्पल नव्हती. त्यांनी दार ओढलं, खिट्टी दाबली आणि गॅस चालू केला. बायका टेंपोत बसून गेल्या. मी पाणी प्यायला उठले आणि परत येऊन बसले, तर पडदा थिजलेला.

सुटला तेव्हा मी ओळी वाचल्या. दुसऱ्या खोली तीनच्या. क्रेट लावताना पुष्कळ आत-बाहेर झालं होतं. मी एकेकीची जोडी लावत खाली आले. शेवटी एक आत उरली. तिला बाहेर नव्हतं.

मी पुन्हा लावून पाहिलं. तेच.

"नवलभाऊ, सगळ्या बाहेर आल्या होत्या ना?"

"चप्पल होती का बाहेर?" त्यांनी तंबाखू मळता मळता विचारलं.

"नव्हती."

"मग झालं. काय लिहिलंय तुमच्या डब्यात?"

"एक जण आत आहे, असं."

"हेमाताई, गॅस सोडलाय. आता दार उघडलं तर अख्खा माल अर्धाकच्चा होईल. नूरभाई माझी मान पकडतील. त्यांना विचारा."

नूरभाई बाजारात होते, फोन उचलत नव्हते. तीनच्या झडपेची वेळ होऊन गेली होती. धप्प ऐकू आलं नव्हतं.

मी कहकशाला फोन लावला आणि ओळ वाचून दाखवली.

"अक्का, ही ओळ चुकीची असू शकते," ती म्हणाली.

"हो."

"त्या नंबरची प्रोसेसच नाही. खरं तर ही ओळ पडायलाच नको."

"हो गं."

"झडप उघडली का?"

"नाही."

मग ती क्षणभरही थांबली नाही. "दार उघडा. चाचांशी मी बोलते."

मी उठले, आणि तेव्हा माझं लक्ष टेबलाखाली गेलं. गोणपाट तिथेच होतं, वाळून कडक झालेलं. भाकरी खायला ती आज आलीच नव्हती. आणि चप्पल तर ती घालतच नव्हती.

"नवलभाऊ," मी म्हटलं, "कस्तुरा टेंपोत बसली होती का?"

त्यांच्या हातातली तंबाखू खाली पडली.

७

दाराची खिट्टी त्यांनी एका झटक्यात वर केली. थंड, गोड, जड हवा आमच्या तोंडावर आली. मी पदर नाकाला लावला. नवलभाऊंनी हातानेच झडपेची साखळी ओढली, पंखा सुरू झाला, आणि आम्ही जरा थांबून पट्ट्यांमधून आत शिरलो.

ती क्रेटच्या मागे भिंतीला टेकून बसली होती. तळवे ओल्या फरशीवर टेकवून. मान एका बाजूला, पण डोळे उघडे होते. तिचा उजवा हात बाजूला, रिकाम्या जागेवर पडला होता, पंजा अर्धवट मिटलेला, कोणाचा तरी हात धरला असावा तसा.

"कस्तुरा," मी हाक मारली.

"अक्का," ती म्हणाली. जीभ जड झाली होती. "पाय भाजेत व्हतात. जराशी बठनू, आन डोया लागी गया."

नवलभाऊंनी तिला खांद्यावर उचललं. ते धिप्पाड आहेत, आणि ती म्हणजे चिमणी. मी मागून तिचं डोकं सावरत होते. पट्ट्यांपाशी आलो तेव्हा तिने माझं मनगट धरलं.

"तिले बी येऊ द्या."

"कोणाला?"

"मन्हा जोडे बठेल व्हती ती. माले परत झोपू दिन्हं नही तिनी. मन्हा हात धरी ठेवा व्हता."

मी मागे वळून पाहिलं. क्रेट, ओली भिंत, पंखा. कोपऱ्यातला थेंब पडत नव्हता.

आम्ही बाहेर आलो. पट्ट्या आमच्या मागे आपटल्या आणि स्थिर झाल्या. नवलभाऊंनी तिला सावलीत बाजेवर ठेवलं आणि रिक्षा आणायला रस्त्याकडे पळाले. मी तिच्या तोंडावर पाणी मारत होते, आणि माझं तोंड दाराकडे होतं, म्हणून मला दिसलं.

पट्ट्या पुन्हा हलल्या. वाऱ्याने सगळ्या मिळून हलतात तशा नाही. मधल्या दोन-तीनच, आणि त्याही खालून, कोणी खाली वाकून बाहेर निघावं तशा. एक पट्टी थोडी वर राहिली आणि मग सुटली. माझ्या बाजूने गारवा गेला. अंगणाच्या तापलेल्या सिमेंटवर ओल्या तळव्याची एक खूण उठली, तिच्यापुढे दुसरी, तिच्यापुढे तिसरी, फाटकाच्या दिशेने. कस्तुराचे पाय जमिनीला लागलेच नव्हते. मी नीट बघेपर्यंत उन्हाने त्या वाळूनही गेल्या.

कस्तुराने तेवढ्यात माझ्या हातातला तांब्या ओढून घेतला आणि घटाघट पाणी प्यायली, आणि मला रडू आलं.

८

दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी तपासलं, डोळ्यांत बॅटरी टाकून पाहिली. म्हणाले, झोप लागली असती तर अवघड होतं. जागी राहिली म्हणून वाचली. नवलभाऊ बाहेरच्या बाकावर डोकं धरून बसले होते. नूरभाई आले, त्यांनी आधी कस्तुराच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग माझ्याकडे वळले.

"मालाचं काही बोलू नका, ताई. चुलीत गेला माल." नंतर ते नवलभाऊंच्या शेजारी बसले. "आतून दार उघडायची खिट्टी जाम झालीय, हे तुम्ही मला दोनदा सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. उद्या सकाळी पहिलं ते काम."

संध्याकाळ व्हायच्या आत मी सेंटरवर परत गेले. कॉम्प्युटर तसाच चालू होता. कहकशा फोनवर होती, ती तिकडून तेच बघत होती.

"अक्का, तुम्हाला दिसतंय का?"

दिसत होतं. कस्तुराची उरलेली आत होती, तिच्याखाली नवलभाऊंची आणि माझी. मग बाहेरच्या ओळी. एक, दोन, तीन. आम्ही तिघं.

त्यांच्याखाली आणखी एक बाहेर होती.

तिला आत नव्हतं. मी वरपर्यंत जाऊन पाहिलं, कहकशानेही पाहिलं. ट्रेस लावल्यापासून तिची आत जायची ओळ कुठेच नव्हती.

"मग ती आत गेली केव्हा?" मी विचारलं.

"ट्रेस लावायच्या आधी," कहकशा म्हणाली. फोनमध्ये तिच्या खोलीतला पंखा ऐकू येत होता. "अक्का, तिच्यापुढचा आकडा बघितलात?"

इतके दिवस तिथे शून्य असायचा. आता तिथे एवढा मोठा आकडा होता की मला तो एका दमात वाचता येईना. धरून ठेवलेली सगळी मेमरी मोकळी झाली होती.

वर झडप उघडली. धप्प. अगदी वेळेवर.

नूरभाई सेंटरवर आले तेव्हा मी त्यांना विचारलं, या जागेवर पूर्वी कधी कोणी गेलं होतं का. ते म्हणाले, "इथे माळ होता, ताई. खोल्या मी माझ्या डोळ्यांसमोर नवीन बांधून घेतल्या. काही झालेलं नाही इथे." ते खोटं बोलत नाहीत. मीही पुन्हा विचारलं नाही. निघताना ते तीन नंबरसमोर थोडा वेळ उभे राहिले, ओठ हलत होते, मग दोन्ही तळहात चेहऱ्यावरून फिरवले आणि म्हणाले, "जे कोणी असेल, सुटलं."

९

कस्तुराचा नवस अपुरा राहिला नाही. गावच्या बायका तिच्यासाठी थांबल्या. दवाखान्यातून सुटल्यावर त्यांनी तिला निम्मा रस्ता गाडीत बसवलं आणि पुढचा चालू दिला. देवी एवढं समजून घेते, असं त्यांच्यातली एक म्हातारी म्हणाली. गडावरून आल्यावर कस्तुरा नव्या चपला घालून कामावर आली. त्या तिला चावत होत्या, म्हणून दुपारभर कुरकुरत होती, आणि ती कुरकुर ऐकत मला फार बरं वाटत होतं.

कॉम्प्युटर त्यानंतर अडखळला नाही. ट्रेस अजून चालू आहे. कहकशा म्हणाली काढून टाकू का, मी म्हटलं, राहू दे. ओळी येतात, जोडीने येतात, पापणी लवायच्या आत जातात आणि येतात. दुसरी खोली तीन पुन्हा कधी दिसली नाही. माणसं आत-बाहेर करतात आणि कर्नेलला त्याचा पत्ताही नसतो, जसा नसायला हवा तसा.

चपला बघून दार लावायचं आम्ही सोडून दिलं. आता दार लावण्याआधी मी स्वतः आत जाते. नूरभाईंनी तसा नियमच केला आहे. सोबत कस्तुरा येते, कारण मला एकटीला जायचं नसतं आणि तिला ते न सांगता कळतं. आम्ही क्रेटच्या मागे, कोपऱ्यात, भिंतीपाशी बघून घेतो. मग मी मध्ये उभी राहून विचारते, "कोणी आहे का?"

आवाज भिंतीत जिरतो. कस्तुरा तिच्या बोलीत पुन्हा विचारते, "कोन शे?"

आम्ही थांबतो. मुद्दामच जरा जास्त थांबतो. कोपऱ्यात टप, टप चालू असतं. उत्तर येत नाही.

"चाल अक्का," ती म्हणते, "लाव दार."

आणि मी दार लावते.